वर्दीचा रंग, रायफलीचे माप

महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो 500 च्या आसपास येऊन थांबतो. खाली सांगलीत हाच प्रकार: शिराळ्याकडे चांदोलीचे दाट रान, मध्ये कृष्णाकाठचा ऊस आणि काळी जमीन, पूर्वेला आटपाडी-जतचे करडे माळ. चांदोलीच्या रानात गडद हिरवा कपडा दहा पावलांवर दिसेनासा होईल. तोच कपडा मे महिन्यात जतच्या माळावर उभा केला तर शेळ्या राखणारे पोरसुद्धा लांबून बोट दाखवेल.

लष्करी वर्दीचा सगळा तिढा एवढ्यात आला. जगातल्या प्रत्येक सैन्याला जवानाला लपवणारा एक कपडा हवा असतो, आणि जमीन काही एका रंगाची नसते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत यावर अब्जावधी रुपये खर्च झाले, प्रयोगशाळा बसल्या, संगणकाने ठिपके काढले. या काळात सातारा-सांगलीची माणसे बहुतेक प्रत्येक बदल अंगावर घालून हिंडली आहेत. म्हणून जगाचा आढावा घ्यायचा तर इथून घेणे सोयीचे जाते.

मराठा पलटणींची सुरुवात लपण्यापासून फार लांब झाली. आज बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण, ‘जंगी पलटण’, 1768 मध्ये उभी राहिली. त्या काळी लाल कोट म्हणजे सैन्य. बंदुकीच्या धुरात आपला कोण, परका कोण हे कळावे म्हणून भडक रंग लागे, आणि बंदुकीचा पल्लाच इतका तोकडा की लपून फारसे साधत नसे. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरसुद्धा 103, 105 आणि 110 या मराठा पलटणींचा समारंभी पोशाख लालच होता, कॉलर-कफांना काळे कापड. लढायला मात्र खाकी. ती पेशावरकडच्या ‘गाइड्स’ दलात 1840 च्या दशकात हॅरी लम्सडेनने आणली आणि पुढे साऱ्या ब्रिटिश साम्राज्याने उचलली. फ्रान्सने हा धडा उशिरा घेतला. 1914 मध्ये त्यांचे पायदळ लाल विजारी घालून जर्मन मशिनगनसमोर गेले. त्या विजारी बदलायला किती मुडदे पडावे लागले, हा हिशेब फ्रेंचांनी आजवर विसरलेला नाही.

पहिल्या महायुद्धात आपल्याकडची माणसे कुठे गेली हे अपशिंगे गावात विचारावे. साताऱ्याजवळच्या या गावाच्या नावापुढे कंसात ‘मिलिटरी’ लागते आणि एसटीच्या पाटीवरही ते तसेच असते. त्या युद्धात या एका गावाचे 46 जवान कामी आले, ब्रिटिशांनी तिथे स्मारक उभारले. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात होता. कुट-अल-अमाराच्या वेढ्यात, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या वाळवंटात खाकीचा रंग चोख बसला. त्यांचा घात रंगाने केला नाही. अन्न, औषध आणि होड्या वेळेवर पोचल्या नाहीत, त्याने केला. वर्दीच्या रंगावर चर्चा रंगली की कुट आठवतो, कारण पुरवठा गेला की रंग काहीच वाचवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात खाकी हरली ती ब्रह्मदेशात. ओल्या, काळपट हिरव्या रानात मातकट कपडा उठून दिसू लागला, तेव्हा होत्या त्याच खाकी वर्द्या हिरव्या रंगात बुडवून काढल्या. पुढे त्या रंगाचेच कापड आले. मार्च 1944 मध्ये संगशाकला जपान्यांची लाट अंगावर घेणाऱ्या छत्री ब्रिगेडसोबत मराठ्यांची चौथी पलटण होती. स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराने हिरवाच धरला. तो म्हणजे ‘ओजी’, ऑलिव्ह ग्रीन. त्यात तीन पिढ्या गेल्या. आपल्या भागात रजेवर आलेला फौजी म्हणजे ओजी पँट, हिवाळ्यात अंगोला शर्ट आणि खांद्यावर पिठ्ठू, हेच चित्र.

ओजीची एक गंमत होती. ती लढाईचीही वर्दी आणि परेडचीही. परेडला खळ घालून कडक इस्त्री, घडी अशी की हात कापेल. लपण्याच्या कपड्याचा याहून मोठा शत्रू शोधून सापडणार नाही. खळ घातलेले कापड उन्हात चमकते, आणि सरळ घडी निसर्गात कुठेच नसल्याने डोळा तिच्यावर पटकन अडकतो. आजच्या छलावरणी कापडाचे आणखी एक अंग दिवसा दिसत नाही. हिरवे पान डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकते. रात्री पाहण्याच्या दुर्बिणीत झाड उजळ दिसते आणि साध्या रंगाचे कापड त्यापुढे काळ्या डागासारखे, नाहीतर भलतेच चमकदार. म्हणून चांगल्या वर्दीचे रंग असे निवडतात की त्या प्रकाशातही ते पानमातीसारखे वागावेत. मग घरी कुणी प्रेमाने तीच वर्दी ‘सफेदी’वाल्या पावडरीत बुडवतो, खळ घालतो, आणि कारखान्यात मिळवलेले बादलीत जाते. अमेरिकी सैन्याच्या वर्दीला आतून चिठ्ठीच असते, खळ घालू नका म्हणून. आमच्याकडे निवृत्त सुभेदारांना हे सांगून पाहावे. खळीशिवाय वर्दी ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही.

इथे गनिमी काव्याचे नाव घेतल्याशिवाय मराठी लेख पुढे सरकत नाही. घेऊ, पण थोडक्यात. जावळीने 1659 मध्ये जी माणसे लपवली ती जंगलाच्या आणि वाटांच्या जोरावर, कापडाच्या नव्हे. तसेच पत्री सरकारचे. 1943 ते 46 या काळात तेव्हाच्या एकत्र सातारा जिल्ह्यात नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या माणसांनी ब्रिटिश पोलिसांना झुलवले. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वेचा पगार लुटला, गोव्याकडून हत्यारे आणली. त्यांचे छलावरण म्हणजे गावातल्या चारचौघांसारखे दिसणे, आणि दार उघडणारी घरे. ज्या तालुक्यांतून इटलीच्या आघाडीवर पलटणी गेल्या होत्या, त्याच तालुक्यांत हे चालले होते.

इटलीतल्या लढाईतून रायफलीचा विषय सुरू करता येतो. 10 जुलै 1944 ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे, मराठ्यांच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक, एकटे मशिनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. घाडगे रायगडचे, पण पलटण ती आपलीच. हातबाँब टाकून त्यांनी गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला मारले. मग गोळ्या संपल्या. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने संपवले. त्यात ते स्वतः पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हत्यार किती गोळ्या धरते, मॅगझीन किती क्षणात बदलते, आणि बदलायला वेळच नसेल तर ते लाठी म्हणून टिकते का, हे सगळे प्रश्न त्या एका मोर्च्यावर येऊन गेले.

भारतीय पायदळाची मुख्य रायफल मात्र तेव्हा आणि नंतरही बराच काळ थ्री नॉट थ्री होती. सुमारे चार किलोची, 10 गोळ्यांची, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायची. नेम उत्तम, बांधा दणकट. 1962 मध्ये नामका चू नदीवर आपले जवान सुती वर्दी आणि कॅनव्हासचे बूट घालून, हीच रायफल आणि मोजक्या गोळ्या घेऊन उभे होते. समोर चिन्यांच्या हाती आपोआप भरणाऱ्या रायफली. वर्दीचा रंग आणि रायफल दोन्ही जुन्या युद्धातून उरलेल्या, आणि उंची 14 हजार फुटांच्या पुढची.

त्या पराभवानंतर नोव्हेंबर 1962 मध्ये संरक्षणमंत्री झाले ते यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्र्याचा, आता सांगली जिल्ह्यात. घर कऱ्हाडला, साताऱ्यात. स्वतः बेचाळीसला भूमिगत राहिलेला माणूस आता रायफलींच्या फायली चाळत होता. सैन्याची ताकद सव्वाआठ लाखांवर नेणे, पर्वतीय डिव्हिजन उभारणे, डोंगरातले कपडे, कारखान्यांची वाढ, हे सगळे त्यांच्या काळात मार्गी लागले. ईशापूरच्या कारखान्यात 7.62 मिलिमीटरची, आपोआप भरणारी एसएलआर रायफल बनू लागली आणि थ्री नॉट थ्री हळूहळू पलटणींच्या शस्त्रागारातून पोलीस ठाण्यांकडे सरकली. यशवंतरावांचे स्मरण आपल्याकडे बहुधा कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, साहित्य आणि सहकाराच्या अंगाने होते. पायदळाच्या खांद्यावरचे हत्यार ज्यांच्या कारकिर्दीत बदलले ते संरक्षणमंत्री हेच, याचा उल्लेख कमी होतो.

एसएलआर जुन्या फौजींची लाडकी. वीस गोळ्यांचे मॅगझीन, लांबी एक मीटरच्या वर, रिकामी असतानाही सव्वाचार किलोच्या पुढे. एका गोळीत माणूस पडतो, हे तिचे प्रशस्तिपत्र तुम्हाला माण-खटावच्या कुठल्याही पारावर मिळेल. कऱ्हाडला दरवर्षी 1971 च्या विजयाचा विजय दिवस साजरा होतो, तिथे लष्कराची हत्यारे लोकांना जवळून पाहायला मिळतात. नवी रायफल हातात घेतलेला सत्तरीतला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे वजन जोखतो, आणि दुसरी, नाराजीने मान हलवतो. हलकी लागते त्याला.

हलकेपणाचा नाद जगभर एकाच वेळी लागला. अमेरिकेने व्हिएतनामच्या काळात 7.62 सोडून 5.56 मिलिमीटरची छोटी गोळी घेतली. हिशेब साधा होता: एवढ्याच वजनात जवळपास दुप्पट गोळ्या, धक्का कमी, नवशिक्याचाही नेम बरा. नाटोने तेच मान्य केले, सोव्हिएत संघाने आपली 5.45 काढली, चीनने 5.8. आपण नव्वदच्या दशकात इन्सास आणली, 5.56 ची, वीस गोळ्यांच्या पारदर्शक प्लॅस्टिक मॅगझीनची. 1999 ला कारगिलच्या थंडीत ती मॅगझिने तडकल्याच्या, रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी गाठ पडणाऱ्या तुकड्यांनी शक्य तिथे एके-47 च हाती धरली. इन्सासला इतकी शिवीगाळ झाली की तिचा नेम चांगला होता हे सांगायला आता कुणी उरलेले नाही.

मग काटा उलटा फिरला. फेब्रुवारी 2019 मध्ये लष्कराने 72,400 सिग 716 मागवल्या, 7.62 बाय 51 च्या. म्हणजे एसएलआरचीच गोळी, साठ वर्षांनी परत. डिसेंबर 2021 मध्ये सहा लाखांवर एके-203 चा करार झाला. त्या 7.62 बाय 39 च्या आणि उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरव्याला रशियाच्या भागीदारीत बनतात. अमेरिकेनेही 2022 मध्ये 5.56 कडे पाठ फिरवून पायदळाच्या पुढच्या फळीसाठी 6.8 मिलिमीटरची रायफल निवडली, कारण समोरच्याच्या अंगात चिलखत आले. फ्रान्स आणि जर्मनी जर्मन बनावटीच्या 5.56 वरच थांबले आहेत. यात कोण चूक, कोण बरोबर असे काही नाही. सीमेवर अंतर लांब, तिथे जड गोळी बरी. गावात, गल्लीत, जंगलात अंतर पन्नास पावलांचे, तिथे तीस गोळ्यांची एके बरी. खोट तेव्हा होते, जेव्हा एकाच रायफलीकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवून वीस वर्षे निविदांत घालवली जातात. आपण ती घालवली.

जवळच्या अंतराचे तिसरे हत्यार म्हणजे कार्बाइन. जुन्या 9 मिलिमीटर कार्बाइनच्या जागी नवी आणायची चर्चा किती वर्षे चालली याची गणती नको. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या प्रयोगशाळेने 5.56 ची कार्बाइन तयार केली. सव्वाचार लाख कार्बाइनच्या निविदेत 2025 मध्ये भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरली. भारत फोर्जचे संस्थापक नीळकंठराव कल्याणी कऱ्हाड तालुक्यातल्या कोळे गावचे. ज्या तालुक्यातून माणसे रायफल उचलायला जात, त्याच तालुक्यातल्या माणसाच्या घराण्याकडे ती बनवण्याचे काम आले. गोळ्यांचे काम तर महाराष्ट्रात जुनेच: खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, जळगावकडे वरणगावचाही आहे.

रायफलीतल्या दरीची किंमत कुणी मोजली ते जावळी तालुक्यातल्या केडंब्याला ठाऊक आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत रेल्वे स्थानकावर पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्री होत्या आणि समोर दहशतवाद्यांच्या हाती एके-47. गिरगाव चौपाटीवर केडंब्याचे तुकाराम ओंबळे, सैन्यात नोकरी करून पोलिसांत आलेले, केवळ लाठी घेऊन उभे होते. त्यांनी दहशतवादी कसाबच्या एकेची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्यांना अशोकचक्र मिळाले. 1962 च्या हिमालयात जी रायफल कालबाह्य ठरली, तीच 46 वर्षांनी मुंबईच्या फलाटावर होती.

आता परत कापडाकडे. ठिपक्यांच्या कापडाचा इतिहास चित्रकारांपासून सुरू होतो. 1915 मध्ये फ्रान्सने चित्रकारांची तुकडी नेमली, तोफा आणि मोर्चे रंगवायला. कापडावर ही नक्षी आली पुढे: इटलीने 1929 ला तंबूच्या कापडावर, जर्मनीने 1931 ला. ब्रिटिश छत्रीसैनिकांच्या अंगरख्यावर ब्रशचे फटकारे मारल्यासारखी नक्षी आली आणि तीच परंपरा आपल्या छत्री पलटणींनी बराच काळ चालवली. 11 डिसेंबर 1971 ला टांगाइलला उतरलेली 2 पॅरा ही मूळची घाडग्यांचीच मराठा पलटण.

नक्षीचे तत्त्व डोळ्याजवळ धरून पाहिले तर सोपे आहे. मोठे डाग शरीराची कड मोडतात. खांदा कुठे संपला आणि झुडूप कुठे सुरू झाले हे लांबून कळेनासे होते. बारीक ठिपके जवळून पाहणाऱ्याला फसवतात, पानांचा पोत दिल्यासारखे. दोन्हींचा मेळ बसला नाही तर बारीक ठिपके लांबून एकमेकांत मिसळतात आणि जवान पुन्हा एकरंगी होतो. कॅनडाने नव्वदच्या दशकात संगणकाचे चौकोनी ठिपके आणले, अमेरिकी मरीननी 2002 च्या सुमारास घेतले, आणि मग सगळ्यांनाच चौकोनांचा ध्यास लागला. अमेरिकी भूदलाने सगळीकडे चालेल असा करडा-हिरवट एकच नमुना 2004 मध्ये आणला. तो कुठेच चालला नाही. अफगाणिस्तानात जवान खडकावर पांढुरके दिसू लागले. 2010 मध्ये तिथे दुसरा नमुना द्यावा लागला आणि 2019 पर्यंत जुना पूर्ण मोडीत निघाला. सुमारे 5 अब्ज डॉलर पाण्यात गेल्याचा अंदाज सांगतात. अफगाण सैन्याची कथा त्याहून भारी. तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांना जंगली नक्षी आवडली म्हणून ती घेतली. देशात जंगल अवघे 2.1 टक्के. अमेरिकेच्या तपासनिसांनी 2017 मध्ये 2.8 कोटी डॉलरचा जादा खर्च दाखवला.

चौकोनांची लाट ओसरल्यावर जग मऊ कडांच्या, हिरव्या-तपकिरी मिश्र नक्षीकडे वळले. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आता जर्मनी आणि फ्रान्सही त्याच वळणाचे. रशिया आणि चीनने आपापले ठिपके राखले आहेत.

भारताने 15 जानेवारी 2022 च्या लष्कर दिनाला नवी वर्दी दाखवली, दिल्लीच्या निफ्ट संस्थेच्या मदतीने तयार केलेली, बारीक ठिपक्यांची. कापडात सूत 70 टक्के, पॉलिएस्टर 30. शर्ट आता खोचायचा नाही, पट्टा आत. नक्षीपेक्षा मला हे कापडच मोठे वाटते. हलके, लवकर वाळणारे, घामात न चिकटणारे कापड जैसलमेरलाही उपयोगी आणि नागालँडलाही; रंग मात्र दोन्हीकडे अर्धाच जमणार. लष्करानेही ते ओळखले असावे, कारण या नमुन्याबद्दलचा सर्वांत मोठा आग्रह लपण्याचा नव्हता, नक्कल थांबवण्याचा होता. डिझाइन नोंदवले गेले. कायद्याने असे संरक्षण 10 वर्षांचे, वर 5 वर्षांची मुदतवाढ. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्लेखोर लष्करी कपड्यांत आले, 2020 मध्ये निमलष्करी दले आणि पोलीस लष्करासारखी नक्षी घालतात यावर लष्कराने हरकत घेतली. त्यामागे हीच काळजी.

आणि या सगळ्यात कुणाच्या ध्यानात येत नाही ती रायफल. वर्दी पानामातीच्या रंगाची आणि तिच्यावर आडवी, सरळ, काळी नळी. निसर्गात काळी सरळ रेषा फार दुर्मीळ. लांबून माणूस दिसण्याआधी ती दिसते. अमेरिकी आणि युरोपीय सैन्ये आता रायफलींना मातकट रंग देऊ लागली आहेत. आपल्याकडे जवान पट्ट्या, कापडाच्या चिंध्या गुंडाळून हे काम करतात, आणि ते स्वस्तात होते. 41 राष्ट्रीय रायफल्सचे कर्नल संतोष महाडिक, पोगरवाडीचे, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी, नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्याच्या जंगलात पडले, ती लढाई अशीच, झाडोऱ्यात, हाताच्या अंतरावरची. तिथे काही सेकंदांचे दिसणे-न दिसणे हाच सगळा मामला असतो. 

दरम्यान सातारा आणि सांगलीच्या बाजारात लष्करी नक्षीचा धंदा तेजीत आहे. भरतीच्या अकादम्यांतली पोरे पहाटे रस्त्याने धावतात ती ठिपक्यांच्या पँटी घालून. 1,600 मीटर साडेपाच मिनिटांत हे त्यांचे खरे गणित. ऊस तोडणारा, जेसीबी चालवणारा, द्राक्षबागेत औषध मारणारा, सगळ्यांच्या अंगात तसलाच टी-शर्ट, कारण तो मळत नाही आणि टिकतो. भारतीय न्याय संहितेच्या 168 व्या कलमात सैनिक असल्याचा भास करून देण्यासाठी वर्दी घालणे गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद. हेतू तसा नसेल तर गुन्हा नाही, त्यामुळे द्राक्षबागेतल्या माणसाला काही धोका नाही. दुकानांत अजून लष्कराच्या 2022 आधीच्या जुन्याच, पानांच्या मोठ्या डागांच्या नक्षीचा माल पडून आहे आणि नवा नमुना उघड विकता येत नाही. त्यामुळे अकादमीतल्या पोराच्या अंगावर सध्या जी वर्दी आहे ती त्याला भरतीनंतर मिळणारी नाही. त्याच्या वडिलांची पिढी घालत होती ती आहे.